मधली हवा

"आधी हातपाय तरी धू," दादा म्हणाला. पण छोटी तोवर पियानोपाशी पोचलीसुद्धा होती.

आल्या आल्या ती आईच्या गळ्यात पडली होती. रडून झालं होतं, "किती वाळलीस गं" म्हणून झालं होतं, आणि "तू कुठे मोठी गुबगुबीत आहेस" हे आईचं उत्तरही ऐकून झालं होतं. मग हात आपोआप त्या झाकणाकडे गेले. चाळिशी ओलांडली तरी घरात तिचं नाव छोटीच राहिलं होतं. दूरच्या शहरात एका नृत्यशाळेत ती पियानो वाजवायची. मुली पाय उचलायच्या, ही सूर धरायची. रोज सहा-सात तास. पण कुठलाही पियानो उघडला की तिची बोटं आधी या पियानोची आठवण काढायची. हा भिंतीला टेकून उभा राहणारा, गडद तपकिरी, आजोबांनी आत्यासाठी घेतलेला आणि बाबांनी जन्मभर जपलेला पियानो.

तिने मधल्या पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवले आणि दाबले.

सूर खाली बसलेला होता. नुसता उतरलेला नव्हता, प्रत्येक पट्टी आपापल्या मर्जीने वेगवेगळी उतरली होती. आणि त्या सगळ्याच्या खालून एक झणझण येत होती, खिडकीची काच सैल झाली की गाडी जाताना येते तशी. छोटीने एक पट्टी पुन्हा दाबली. झणझण पुन्हा आली.

"दादा, हे काय आहे?"

बाजाराच्या गल्लीत दादाचा पियानो दुरुस्तीचा कारखाना होता, बाबांच्या हातचाच. अख्ख्या शहरातले पियानो तो सुरात आणायचा. आणि त्याच्याच घरातला पियानो असा!

छोटीने वाकून पियानो आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पाहिलं. तारांच्या मागे जी मोठी लाकडी फळी असते, जिच्यामुळे पियानोला आवाज येतो, ती साउंडबोर्डची फळी उभी तडकली होती. त्या तड्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"अरे, फाटलाय हा! दादा, फळी फाटलीय!" तिचा आवाज चिरका झाला. "कुणी केलं हे?"

"कुणी नाही," दादा म्हणाला. "हवेने."

"हवा आपोआप येत नाही घरात. त्या कोपऱ्यात ते यंत्र कशाचं आहे?"

कोपऱ्यात गुडघ्याएवढं पांढरं यंत्र घुरघुरत होतं. हवेतला ओलावा ओढून घ्यायचं आणि पोटातल्या टाकीत पाणी साठवायचं, एवढंच त्याचं काम.

"ते मी आणलं," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली. हातात सोललेला बटाटा होता. "मीच लावलं, मीच चालवलं."

छोटीने तिच्याकडे पाहिलं. काही बोलायच्या आत आईला खोकला आला, बारीकसा. आणि तिघंही एकदम आईकडे वळली.

*

वहिनीने बटाटे उकळत टाकले आणि ओट्याला टेकून उभी राहिली. भिंतीपलीकडून छोटीचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द नाहीत, नुसता चढ-उतार.

तिला छोटीचा राग आला नव्हता. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. शाळेतून रजा घेतल्याला आता बरेच महिने झाले होते. भूगोल शिकवणारी बाई घरी बसून फक्त एका खोलीचं हवामान पाहत होती.

पावसाळा सरता सरता आई आजारी पडल्या. आधी ताप, मग छातीत पाणी. जिना चढणं शक्यच नव्हतं. खाली दोनच खोल्या, स्वयंपाकघर आणि पियानोची खोली, म्हणून पलंग पियानोच्या खोलीत आला. घर नदीकाठचं, सखल भागातलं. त्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून कमरेपर्यंत काळसर बुरशी चढली होती. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासायची नळी कानातून काढली आणि त्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. "या हवेत माझं औषध अर्धंच काम करणार," त्या म्हणाल्या. "खोली कोरडी करा. कशीही करा."

आणि तिने केली. हीटर लावला, यंत्र आणलं, दारंखिडक्यांच्या फटी बुजवल्या. यंत्राची टाकी भरली की ते टुंग टुंग वाजायचं. की ती उठायची, पाणी ओतायची, पुन्हा लावायची. एकदा त्या आवाजाने जाग आली आणि यंत्राकडे जाताना पियानोतून खाडकन आवाज आला, जाड फांदी मोडावी तसा. आई दचकल्या नाहीत, तापात होत्या. ती मात्र अंधारात पियानोवर हात ठेवून उभी राहिली होती, आणि मग तिने यंत्र पुन्हा चालू केलं होतं.

हे छोटीला कसं सांगायचं? सांगायचंच कशाला?

"अगं," दादा आत आला. "तू एकटीनेच कशाला अंगावर घेतलंस?"

"मग काय सांगू? आपण दोघांनी मिळून फोडला?"

"आपण दोघांनीच ठरवलं होतं ना."

"ती तुझ्यावर चिडली तर वर्षभर बोलायची नाही. माझ्यावर चिडली तर आठवड्यात विसरेल. मी परकी."

"परकी म्हणे." त्याने तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि उगीचच बटाटे ढवळू लागला. बटाटे ढवळायचे नसतात हे ती त्याला म्हणाली नाही.

*

दादाने पळी ठेवली आणि बाहेर आला. आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. तिचा सगळ्यात चांगला निळा स्वेटर तिने घातला होता, कारण आज ती आजारानंतर पहिल्यांदा टेबलाशी बसून सगळ्यांबरोबर जेवणार होती. त्याचसाठी छोटी आली होती, त्याचसाठी आत्या यायची होती.

छोटी पियानोच्या स्टुलावर पाठ करून बसली होती.

"तुला कळत होतं ना," ती म्हणाली. "वहिनीला नसेल कळलं, तुला तर कळत होतं. बाबा काय करायचे? पावसाळ्यात आत छोटा दिवा लावून ठेवायचे, उन्हाळ्यात पाण्याचं भांडं. हवा अचानक बदलू द्यायची नाही. आपल्याला अक्षरं यायच्या आधी हे पाठ होतं."

"कळत होतं."

"मग?"

दादा खाली जमिनीवरच बसला. गिऱ्हाइकांना हे समजावताना तो असाच बसायचा.

"लाकूड ओलावा पितं तेव्हा फुगतं. फळी फुगली की तारा ताणल्या जातात, सूर चढतो. वाळलं की आक्रसतं, सूर उतरतो. हळूहळू झालं तर लाकूड सोसतं. पण अख्खा पावसाळा पाणी प्यायलेली फळी तू पंधरवड्यात हाडासारखी कोरडी केलीस, तर तिला आक्रसायला जागा कुठे? चारी बाजूंनी चिकटवलेली आहे. मग ती फाटतेच. तारा गुंडाळलेल्या खुंट्या भोकांमध्ये सैल होतात. हे सगळं मला यंत्र चालू करतानाच माहीत होतं."

"कारखान्यात न्यायचा."

"कारखान्यात तेव्हा पावसाचं गुडघाभर पाणी तुंबलं होतं. लोकांचे पियानो मी टेबलांवर चढवून ठेवले होते. आणि पाणी उतरलं तेव्हा..." तो थांबला. आईकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. "तेव्हा आई कुणाला ओळखत नव्हती. त्या आठवड्यात मला पियानो दिसलाच नाही गं. या खोलीत होता, पण दिसला नाही."

छोटीने खालचा ओठ चावला. त्या आठवड्यात तिचा रोज फोन यायचा. ती एकदा आलीही होती, पण तिलाच सर्दी झालेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. रस्त्यावर उभं राहून तिने खिडकीच्या काचेतून आईला पाहिलं होतं. फटी बुजवलेली, घट्ट बंद काच.

"छोटे," आई पलंगावरून म्हणाली. "राग कर हवा तेवढा. मी तुझ्या जागी असते तर मीही केला असता. पण हिच्यावर नको करू. स्वयंपाकघरात आहे तिच्यावर."

"मी कुठे काय बोलले तिला?"

"तेच तर. आल्यापासून एक शब्द बोलली नाहीस तिच्याशी."

दारावरची घंटा वाजली, लांबलचक, न थांबता. अशी घंटा फक्त एकच माणूस वाजवायचं.

"आली आत्या," दादा म्हणाला. "झाकण लाव."

"का? तिला कळायला नको?"

"जेवणानंतर कळू दे. आधी चार घास तरी जाऊ देत सगळ्यांच्या पोटात."

*

आत्याने जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलं होतं आणि अजूनही ती समोरच्याशी पलीकडच्या गावातला माणूस असल्यासारखी बोलायची. ऐंशीच्या घरात, काठी हातात, पण काठी चालायला कमी आणि दाखवायला जास्त.

"काय गं! जिवंत आहेस म्हणे!" ती दारातूनच गरजली.

"आहे, वन्सं," आई हसत म्हणाली. "तुम्हाला सोडून कशी जाईन?"

आत्याने तिच्या गालांवरून हात फिरवला आणि क्षणभर तो तिथेच ठेवला. मग काठी ठेवायला वळली, आणि काठी नेहमीच्या सवयीने पियानोच्या कडेला टेकवताना थांबली. तिने झाकण उचललं. कुणालाही अडवायला वेळ मिळाला नाही. एका बोटाने तिने एक पट्टी दाबली.

झणझण खोलीभर झाली.

वहिनी भांडं घेऊन आत आली होती, ती जागच्या जागी उभी राहिली. दादाने खुर्चीची पाठ धरली. हा पियानो आत्याचा होता. आजोबांनी तिच्या सातव्या वर्षी आणलेला. तिने लग्न केलं नाही, नोकरी धरली, दुसरीकडे घर केलं, आणि पियानो मात्र "याला जागेवरून हलवायचं नाही" म्हणून भावाकडे ठेवून गेली. बाबांना हा धंदा लागला तो या पियानोपायीच. आत्या चिडली म्हणजे काय होतं, हे घरातल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होतं.

"फळी गेली," आत्या म्हणाली.

"हो," दादा म्हणाला.

"कशाने?"

"आत्या, मी सांगते," छोटी पुढे झाली. आणि तिची तिलाच गंमत वाटली, कारण मघापासून जे तिला ओरडून विचारायचं होतं तेच ती आता सांभाळून सांगत होती. "आईसाठी खोली कोरडी करावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसरा इलाज नव्हता."

"तुला विचारलं नाही. तू इथे नव्हतीस." आत्या वहिनीकडे वळली. "हे यंत्र तुझं?"

"हो, आत्याबाई."

"यात पाणी जमतं?"

"टाकी आहे खाली. भरली की वाजतं."

"केवढं जमायचं?"

वहिनीने भांडं टेबलावर ठेवलं. "सुरुवातीला दिवसाला दोन बादल्या. मग कमी होत गेलं."

"या एवढ्याशा खोलीतून? दोन बादल्या?"

"हवेत होतं सगळं. भिंतीत होतं."

आत्या पियानोच्या स्टुलावर बसली. बराच वेळ ती त्या भिंतीकडे पाहत होती. बुरशी खरवडून, चुना देऊन भिंत पांढरी केली होती.

"या भिंतीला माझ्या आईचा पलंग होता," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खोलीच्या मापाचा झाला. "तुमच्या आजीचा. पियानो आला तेव्हा विकणाऱ्याने माझ्या बाबांना बजावलं होतं, हवा बदलू देऊ नका, जपा. बाबांनी खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. जाड पडदे लावले. आत सगळं ओलसर, कोंदट; पण बाराही महिने सारखंच. पियानो खूश. आई खोकायची. मी वाजवत असले की तिला इथेच पडून ऐकायचं असायचं. खोकला आला की तोंडावर उशी धरायची, माझा ताल चुकू नये म्हणून."

आत्याने पियानोच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पियानोचा केसही वाकडा झाला नाही. आई मात्र गेली, मी सोळाची होते तेव्हा." आत्याने पदराने नाक पुसलं. "बाबांना दोष देत नाही मी. त्यांना कुठे काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं. भला माणूस होता. पण मी याच्यावर पुन्हा मन लावून वाजवलं नाही. लोक म्हणायचे, नोकरीने हिचं संगीत गेलं. नोकरीने काय जातंय!"

तिने वहिनीला जवळ बोलावलं. वहिनी आली, तसा आत्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. साबणाने आणि पाण्याने भेगाळलेला हात.

"मला कितीदा वाटायचं, त्या वेळी घरात कुणीतरी म्हणायला हवं होतं, की जाऊ दे हे लाकूड. तू म्हणालीस. तुला आठवण तरी आहे का कधी म्हणालीस ते?"

"मी काही म्हणाले नाही, आत्याबाई," वहिनी पुटपुटली. "मी फक्त पाणी ओतत होते."

"तेच."

आई उशांवरून उठून सरळ बसली होती. इतकी वर्षं या घरात काढली, सासूबाई छातीच्या विकाराने गेल्या एवढंच तिला माहीत होतं. ती उठली. दादा हात द्यायला पुढे झाला, त्याला तिने बाजूला सारलं, आणि आपल्या पायांनी चार पावलं चालत नणंदेपाशी आली.

"वन्सं," ती म्हणाली, "मला भूक लागलीय. खरी भूक, खूप दिवसांनी. तुम्ही वाढलंत तर दोन घास जास्त खाईन."

"मी? मला कुठे वाढता येतं? अर्धं टेबलावर सांडीन."

"सांडा."

आत्याने खरोखरच सांडलं. सूप आईच्या निळ्या स्वेटरवर पडलं, आणि आई इतकी हसली की सगळ्यांनी श्वास रोखून खोकल्याची वाट पाहिली. खोकला आला नाही.

*

जेवणानंतर दादाने आणि छोटीने मिळून पियानो भिंतीपासून ओढला. छोटीने विजेरी धरली. दादाने फटीवरून नख फिरवलं, मग तारा टेकतात त्या लाकडी घोडीवर टकटक करून कान लावला.

"घोडी शाबूत आहे. फळीत बारीक पाचर बसवावी लागेल, त्याच जातीच्या लाकडाची. खुंट्या काढून थोड्या जाड घालीन. होईल."

"आधीसारखा वाजेल?"

"आधीसारखा नाही. पण वाजेल."

"कधी?"

"घाई करायची नाही. आज तारा ताणल्या तर उद्या उतरतील. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता इतकी कोरडी हवाही नको, आईचा घसा सुकतो. ना ओली ना कोरडी, मधली हवा ठेवा. मी म्हटलं, बाई, बाबा पियानोबद्दल हेच सांगायचे." तो हसला. "तशी हवा ठेवू काही महिने. लाकूड निवेल, मग हात लावू. आज फक्त ही सुटी झालेली चकती ठोकून बसवतो, झणझण तरी थांबेल."

छोटी विजेरी हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी काचेतून पाहिलं ना, तेव्हा वहिनी आईची पाठ चोळत होती. मला वाटलं, ते माझं काम होतं. ते ती करतेय याचाच राग आला बहुतेक."

"मग जा, सांग तिला."

"काय सांगू?"

"मला काय विचारतेस? मला तरी कुठे सांगता आलंय."

छोटी स्वयंपाकघराकडे गेली. दारात आई उभी होती, चौकटीला धरून, आणि तिने ओठांवर बोट ठेवलं होतं.

आत वहिनी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, मांडीवर ओलं फडकं. अर्धी भांडी घासलेली, अर्धी तशीच. समोर स्टुलावर आत्या बसली होती, पहाऱ्यावर असल्यासारखी.

"भांडं पुसता पुसता मिटले डोळे," आत्या कुजबुजली. आत्याला कुजबुजता येतं, हे छोटीला आजच कळलं.

पियानोच्या खोलीतून हातोडीचा पहिला ठोका आला. छोटी चवड्यांवर धावत गेली आणि तिने दादाचं मनगटच धरलं.

"राहू दे आज."

"अगं, एवढी चकती..."

"झणझणू दे. वहिनी झोपलीय."

दादाने हातोडी गालिच्यावर ठेवली, अलगद.

छोटीने आईला पलंगावर बसवलं, औषधांच्या बाटल्या खिडकीतल्या उजेडात धरून वाचल्या, आईला विचारून खात्री केली, पाणी गरम करून वाफ दिली, पाठीवरून हात फिरवला. बरगड्या हाताला लागल्या. त्यांच्या खाली श्वास जात होता, येत होता. "बरं वाटतंय?" तिने विचारलं. "तुझा हात हिच्यापेक्षा हलका आहे," आई म्हणाली. "जरा जोरात चोळ." छोटीने जोरात चोळलं. यंत्र वाजू लागलं तसं तिने झटकन बटण दाबलं, टाकी काढली आणि पाणी मागच्या मोरीत ओतलं. टाकीत आता तळाशी तांब्याभरच असायचं, तरी ते ओतताना ती क्षणभर थांबली.

उन्हं कलली तेव्हा वहिनी दचकून जागी झाली. खुर्ची मागे सरकली, फडकं खाली पडलं.

"आईंचं औषध! किती वाजले?"

"दिलं," छोटी ओट्यापाशी उभी होती.

"आणि वाफ?"

"दिली."

"टाकीतलं पाणी..."

"टाकलं, वहिनी. भांडीही झाली. एक बशी फुटली, ती आत्याने फोडली."

"खोटं! तूच फोडलीस!" बाहेरून आत्याचा आवाज आला.

वहिनी अर्धवट उभी राहिली होती. तिने ओट्याकडे पाहिलं, यंत्राच्या दिशेने पाहिलं, बाहेर हसणाऱ्या आईंचा आवाज ऐकला. कुठे जायचं ते तिला सुचेना.

छोटीने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"बस ना," ती म्हणाली. "मला सगळं ऐकायचंय. पहिल्या दिवसापासून."

वहिनी बसली. कप दोन्ही हातांत धरला. मग सांगू लागली.